येतो म्हटल्यावर

लेकीची शपथ घेऊन सांगते, यातलं एक अक्षरही माझ्या मनाचं नाही.

शनिवार, ६ ऑगस्ट २०१६. दुपारचे तीन. सिंगापूरच्या पुंगोल भागातला आमचा फ्लॅट, नववा मजला.

माझा नवरा मुकुल. आयटीतली चांगली नोकरी सोडून लेखक झाला. तेही एका वेळी दोन पुस्तकं! एक, दीडशे वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून इथे आणलेल्या कैद्यांवर. दुसरं मुलांसाठी, अवकाशयानांवर.

"दोन्हीकडे माणूस डब्यात बंदच की," मी चिडवायचे.

हा लिहायला बसायचा तोही डब्यातच. इथल्या फ्लॅटमध्ये बॉम्ब शेल्टर असतं ना, जाड लोखंडी दाराची, बिनखिडकीची खोली. सगळे त्यात तांदूळ नि सुटकेस ठेवतात. ह्यानं टेबल टाकलं.

आधी फोनवर बोलून रेकॉर्ड करायचा, मग लिहायचा. उठताना कैद्यांच्या यादीवर थाप मारून म्हणायचा, "चला मंडळी, येतो."

आपण निघताना 'जातो' म्हणतो का कधी?

एकदा त्यानं मला रेकॉर्डिंग ऐकवलं.

"चला मंडळी, येतो."

मग…

"कधी?"

पुरुषाचा आवाज. थकलेला. मराठीच.

मी फोन खालीच ठेवला. मुकुल म्हणाला, "ते कैदीही घरी 'येतो' सांगून निघाले असतील गं बिचारे."

आणि दुसऱ्या दिवशी त्या गाढवानं उत्तर दिलं. "शनिवारी, तीन वाजता." गंमत म्हणून!

त्या शनिवारी, सहा तारखेला, दार आतून बंद. तो रॉकेटचा धडा मोठ्यानं वाचत होता. "दहा… नऊ… आठ…" आर्या, आमची सात वर्षांची लेक, बाहेर टाळ्या वाजवत होती.

"दोन… एक…"

शून्य आलंच नाही.

आलं ते…

"आलास?"

मी दार बडवलं, किंचाळले. बऱ्याच वेळानं ते आपोआप उघडलं. मुकुल खुर्चीत बसलेला. साधं खरचटलंही नव्हतं.

पण तेव्हापासून तो तिथून हलत नाही. एक ओळ लिहिली नाही. डॉक्टर झाले, घराची शांत झाली. काही उपयोग नाही. नंतर एका सोमवारी रॅफल्स प्लेसला ऑफिसला निघताना मी सवयीनं म्हटलं, "येते रे."

मुकुलचे ओठ हलले…

"कधी?"

आवाज त्याचा नव्हता.

मी उत्तर दिलं नाही. तेव्हापासून रोज नुसतं दार ओढून घेते. 'जाते' म्हणवत नाही, 'येते' म्हणायची हिंमत नाही.

आज सकाळी आर्या स्कूल बससाठी पळता पळता ओरडली, "बाबा, येते!" मीच लावलेली सवय.

"कधी?"

मी तिचं तोंड दाबायच्या आत ती इथल्या मुलांच्या बोलीत बोलून गेली.

"आफ्टर स्कूल, लाह!"

शाळा दीडला सुटते. मी बारापासून शाळेच्या फाटकाशी उभी आहे. हे फोनवर लिहितेय. देवा, तिला घेऊन जाऊ तरी कुठे?

एक पस्तीस झालेत. तिच्या वर्गातली मुलं बाहेर आली.

आर्या अजून आली नाही.