उजवं नळकांडं

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण मेल्विन हे सांगताना गळ्यातल्या खुर्सावर, त्या छोट्या क्रुसावर, हात ठेवतो. आणि हा माणूस थट्टेतसुद्धा खोटं बोलत नाही, हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे.

रात्र नव्हती. अमावस्या तर मुळीच नव्हती.

एकोणीस मेची दुपार. साडेतीनचा सुमार. शिरोड्याच्या अलीकडे, माडांच्या बागेतलं त्याचं कौलारू घर. बाहेर रणरणतं ऊन.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांचं, लिनोचं, वर्ष होतं. सकाळी चर्चमध्ये मिसची प्रार्थना आणि संध्याकाळी घरी लदाईन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना. पंचवीस वर्षं वाडीतल्या प्रत्येक लदाईनीला पहिला सूर लिनोने लावलेला. त्याचं चार मिनिटांचं गाणं मेल्विनच्या मोबाईलमध्ये होतं. वर्षाला वाडीने ते ऐकावं. आणि आईने, आपोलिनाने, तो शेवटचा खोकला विसरून हा सूर लक्षात ठेवावा. एवढीच त्याची इच्छा.

बाप गेला त्या दिवशी मेल्विन म्हापशाला कामावर होता. ते त्याला वर्षभर टोचत होतं.

भाड्याचे कर्णे त्याला नको होते. माणसाच्या गळ्याला फुल-रेंज स्पीकरच हवा, असं त्याचं ठाम मत. जाड-बारीक सगळं एकाच पडद्यातून येतं, गळ्याचे तुकडे पडत नाहीत. पेटीसाठी प्लायवूड आणण्यापेक्षा पडवीत पडलेला सहा इंची पीव्हीसी पाईप त्याने कापला. साडेतीन फुटांची दोन नळकांडी. वरच्या तोंडावर आकाशाकडे बघणारा स्पीकर आणि खाली हवा जायला तीन लाकडी पाय.

पहिल्यांदा वाजवलं तेव्हा आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमला.

त्यावर उपाय सोपा. नळकांड्यात काहीतरी मऊ भरायचं, म्हणजे घुमणं मरतं आणि आवाज मोकळा होतो. कणकवलीहून आणलेलं फायबर डाव्या नळकांड्यातच संपलं. उजवं रिकामं राहिलं.

आणि त्याला माळ्यावरची उशी आठवली.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. किनाऱ्यावर नेऊन जाळतात. लिनोची गादी, चादर, सगळं सुरूच्या बनापलीकडे जाळलं होतं. उशी मात्र आपोलिनाने वेगळी गुंडाळून मेल्विनच्या हातात दिली होती.

"ही तू स्वता जाळ. आजच्या आज."

दोन दिवसांनी तिने पुन्हा विचारलं होतं, "जाळलंस मा रे?"

तो हो म्हणाला होता. पण जाळायला हात उठला नव्हता. अंगणातल्या सावरीचा कापूस लिनोने स्वतः वेचून ती भरली होती. बापाची तेवढीच एक वस्तू त्याने माळ्यावर लपवली.

आता त्याने ती उसवली. खोळीवर मधोमध कडक झालेला पिवळा डाग होता. डागाच्या कडेला अर्धगोलात चार भोकं. उंदराने कुरतडलं असणार, असं म्हणून त्याने खोळ बाजूला टाकली आणि कापूस उजव्या नळकांड्यात भरला.

बापाच्या कापसातून बापाचा आवाज. त्याला बरं वाटलं.

त्याने गाणं लावलं.

डाव्या नळकांड्यातून लिनो स्वच्छ गायला. मेल्विनचे डोळे भरून आले.

उजव्यातून मात्र...

आवाज येत होता, पण दबलेला. कुणी तोंडावर काहीतरी धरलंय आणि त्याखालून माणूस गातोय, असा.

त्याने वायरी बदलल्या. तेच.

डावा स्पीकर उजव्यावर आणि उजवा डाव्यावर बसवला. तरी तेच.

कापूस जास्त झाला असेल, म्हणून मूठभर काढायला तो खाली बसला. नळकांड्याच्या खालच्या तोंडाशी हात नेला आणि...

हाताला वारा लागला. थांबला. पुन्हा लागला.

आत ओढला जात होता. बाहेर येत होता.

तेवढ्यात लाईट गेली. पंखा गरगरत थांबला. ॲम्प्लिफायरचा लाल दिवा विझला. डाव्या नळकांड्यातलं गाणं मधेच तुटलं.

उजव्यातलं गाणंही तुटलं. पण...

श्वास चालूच राहिला.

खरखरीत. अडकलेला. शेवटच्या महिन्यात लिनोच्या खोलीबाहेर ऐकू यायचा तोच. मेल्विनने वायर उपटून हातात घेतली. स्पीकरचा पडदा तरीही हलत होता.

"कसलो आवाज येता रे?"

आपोलिना दारात उभी होती. तिने जमिनीवरची उसवलेली खोळ पाहिली. उजव्या नळकांड्याकडे पाहिलं.

"मी तुका जाळूक सांगलंय मा ती," ती हळू म्हणाली.

श्वास जोरात झाला. आता त्यात घाई होती.

आपोलिना पुढे आली. तिने पदर खोचला, दोन्ही तळवे स्पीकरवर ठेवले आणि सगळा भार टाकून दाबले. कोपर ताठ, मान दुसरीकडे वळवलेली. कुठे किती दाबायचं, हे तिच्या हातांना माहीत होतं.

नळकांडं थरथरलं. त्याचे पाय जमिनीवर खडखडले...

"झाला, लिनो. झाला आता."

ती बराच वेळ तशीच उभी राहिली.

मग आवाज थांबला.

तरी तिने हात लगेच काढले नाहीत. काढले तेव्हा तळव्यांवर स्पीकरच्या कडेचे लाल वळ होते.

"त्याका सोसवत नाय होता," ती म्हणाली. "रोज माका हात जोडी. तू हय नाय होतंस."

एवढं बोलून ती चहा ठेवायला आत गेली.

मेल्विनने खोळ उचलून उजेडात धरली. ती चार भोकं त्याने नीट पाहिली. उंदराचे दात एवढे रुंद नसतात. माणसाचे असतात.

त्याने कापूस आणि खोळ अंगणातच जाळली. दुसऱ्या दिवशी लदाईनीला एकच नळकांडं वाजवलं. वाडीतले लोक रडले. आपोलिना कोरड्या डोळ्यांनी ऐकत बसली.

ही झाली गेल्या वर्षीची गोष्ट.

उजवं नळकांडं त्याने मोडून भंगारात दिलंय. आपोलिना या पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळली आहे. म्हापशाची नोकरी सोडून मेल्विनच तिचं सगळं करतो. ती उशी घेत नाही, मान सपाट गादीवर टेकते. बापाने खरंच हात जोडले का, किती दिवस जोडले, हे त्याने तिला अजून विचारलेलं नाही. ती खरं सांगेल, याची त्याला भीती वाटते.

परवा दुपारी पुन्हा लाईट गेली. पंखा थांबला, घर शांत झालं आणि...

आईच्या खोलीतून तो खरखरीत श्वास आला.

तिला धाप लागली असेल म्हणून मेल्विन धावत गेला.

आपोलिना जागी होती. तिने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं, आणि ती श्वास रोखून तो आवाज ऐकत होती.