मामाचा पट्टा आणि रायफलचा दट्ट्या

"नाव मागे घेते मी! हातच बिघडलाय माझा!" ताईने एअर रायफल टेबलावर ठेवली आणि डोळे पुसले.

सुट्टीत मामाकडे आलेली चष्मिष आणि तिचा भाऊ भोंगा बघतच राहिले. परवा नेमबाजी संघाची निवड! वर्षभर घाम गाळलेली ही मामेबहीण आता माघार घेते म्हणजे काय!

"ताई, तुझे छरे सगळे एकाच जागी लागलेत, फक्त खाली," चष्मिष म्हणाली. "हात बिघडला असता तर इकडेतिकडे गेले असते. आणि मघाशी नळीतून धूर आला!"

"धूर? चला फिटर आजोबांकडे!" भोंगा एवढ्या जोरात ओरडला की शेजारचे फिटर आजोबा स्वतःच दारात आले.

आजोबांनी आधी रायफल रिकामी असल्याची खात्री केली, मग ती शिकंज्यात पकडली.

"लांब उभे राहा! आतली स्प्रिंग दाबलेली असते. सुटली तर दात पाडेल."

स्प्रिंग हळूहळू सैल झाली आणि दट्ट्या बाहेर आला. हाच पुढे झेपावून हवा दाबतो आणि ती हवा छऱ्याला ढकलते. पण त्याच्या तोंडावरचा चामड्याचा वायसर चेपून, करपून गेला होता, म्हणून हवा निसटत होती आणि छरे खाली पडत होते. चष्मिषने तो हुंगला.

"शिलाई मशीनचं तेल!"

"शाब्बास! ते आत दाबाने पेटतं. शिवाय कुणीतरी छऱ्याशिवाय चाप ओढलाय. समोर छरा नसला की हवा अडत नाही, दट्ट्या थाडकन आपटतो."

"मी असं कधीच केलं नाही," ताई म्हणाली.

मग कोण? शिलाई मशीन मामाच्या खोलीत होतं. सरळ विचारलं असतं तर मामाने कानांवर हात ठेवले असते. चष्मिषने वेगळीच युक्ती केली.

"मामा, पाहुणे आले की तुम्ही झकास नेम धरता म्हणे!"

मामाची छाती फुगली. "दर रविवारी! छऱ्याशिवाय बरं का, उगाच धोका नको. आणि पोरीला त्रास नको म्हणून अधूनमधून तेलही पाजतो!"

"बाबा!" दारातून ताईचा आवाज आला.

सगळं कळल्यावर मामाचा चेहरा पडला. कमरेचा आवडता रुंद पट्टा सोडून त्याने आजोबांपुढे ठेवला. "चामडं अस्सल आहे. कापा!"

आजोबांनी गोल चकती कापली, भिजवली आणि साच्यात दाबून दिवसभर वाळवली. चष्मिषने दट्ट्यावरचे ओरखडे बारीक पॉलिश पेपरने घासले, तर भोंग्याने फडक्याने नळीतलं तेल टिपलं. स्प्रिंग ठणठणीत होती.

निवडीच्या दिवशी ताईचे दहापैकी नऊ छरे मधोमध बसले! धूर नाही की काही नाही!

"या दोघांनी डोळे उघडे ठेवले म्हणून जमलं," आजोबांनी पोरांच्या पाठी थोपटल्या.

ताईने दोघांना मिठीच मारली. "मी माझ्याच हाताला दोष देत बसले होते. तुम्ही नसता तर आज मी घरी रडत असते!" मग आजोबांच्या पाया पडून तिने आपलं लक्ष्याचं कार्ड मामापुढे धरलं. "बाबा, हे तुमच्या पट्ट्यामुळे. आता पाहुण्यांना हेच दाखवा."

मामाचे डोळे भरून आले. कार्ड घ्यायला त्याने दोन्ही हात पुढे केले.

"मामा, पँट!" भोंगा ओरडला.