अजिंक्यचं पॅकेज कोणी काढलं?

मंगळवारी सकाळी एक्केचाळीस दवाखान्यांतले संगणक अडले. मुलांच्या वजनावरून औषधाचं प्रमाण काढणारा छोटा प्रोग्राम, संगणकवाले ज्याला पॅकेज म्हणतात, कोणीतरी सोमवारी इंटरनेटवरच्या सार्वजनिक भांडारातून काढून टाकला होता. तो लिहिणारा अजिंक्य दोन महिन्यांपूर्वी अपघातात गेला. भांडारातल्या त्याच्या खात्याचा पासवर्ड सहकारी रेश्माला ठाऊक, म्हणून दवाखान्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या त्यांच्या कंपनीचे मालक नंदीश यांनी तिला कामावरून काढलं. वर पोलिसांत देण्याची धमकी.

ती खासगी तपास करणाऱ्या मनकर्णाबाईंकडे आली. पासवर्ड होता, पण दर वेळी अजिंक्यच्या मोबाईलवर कोड येतो, तो टाकल्याशिवाय खातं उघडत नाही, असं ती पुन्हापुन्हा सांगत होती. बाईंचा सहायक अभिमन्यू याला तिची लगेच दया आली. त्याला ती कुणाचीही येते.

नंदीश चिडलेले होते. एक्केचाळीस दवाखाने त्यांना मंगळवारपासून शिव्या देत होते. आपलं सॉफ्टवेअर कंपनीबाहेर कुणाला दिसतसुद्धा नाही, हे मात्र त्यांनी अभिमानानं सांगितलं. अभिमन्यूला तेच चोर वाटले.

शुक्रवार पेठेत अजिंक्यचे वडील आबासाहेब, निवृत्त कारकून, यांनी बाईंना आपणहून फाईल दाखवली. रेशनकार्ड, गॅस, बँक, सगळीकडून मुलाचं नाव पहिल्याच महिन्यात कमी केलेलं. मोबाईल नंबर तेवढा परवा, मंगळवारी बंद.

संध्याकाळी बाई रेश्माला घेऊन तिथंच परतल्या.

"मोबाईलच शेवटी का, आबासाहेब? सोमवारी त्यावर कोड यायचा होता, म्हणून ना?"

आबासाहेबांनी फाईल पुन्हा काढली.

"व्हय. त्या भांडारात तेवढं नाव राहिलं होतं. पासवर्ड वहीत घावला. काढायला गेलो तर पडद्यावर आलं, ह्याच्यावर कुणीच अवलंबून न्हाय. वाटलं, पोरगं एवढं राबलं, कुणाच्याच कामी आलं न्हाय."

बाईंनी कागदावर ठिपके काढले. कोण कुणावर टेकलंय, ते बाणांनी दाखवलं.

"भांडार स्वतःच्या आतले बाण मोजतं. तिथला एक जरी बाण असता, तर काढूच दिलं नसतं. मुलांच्या औषधासाठी त्याच्यावर टेकलेलं नंदीशांचं सॉफ्टवेअर भांडाराबाहेरचं, त्याचा बाण मोजलाच गेला नाही. रेश्माला तो ठाऊक होता. पडद्यावरच्या वाक्यावर विश्वास ठेवणारा माणूस बाहेरचाच असणार, आणि मोबाईल याच घरात होता."

"किती पोरं हुती?" आबासाहेबांनी विचारलं.

"दिवसाला सातशे, काका," रेश्मा म्हणाली.

अभिमन्यूला तिथं उभं राहवेना. रेश्माचा दोष नाही, असं आबासाहेबांनी नंदीशना लिहून दिलं.

"त्यानं कदी सांगितलं न्हाय," ते म्हणाले. "मीबी इचारलं न्हाय. बस, पोरी. तो काय करायचा, ते सांग मला."