उशाखालचा नीलम

हरिओम, संध्याकाळी तू विचारलंस, साडेसाती लागली आहे तर नीलम घालू का. तेव्हा तुझी आई समोर होती, म्हणून मी काही बोललो नाही. आता जेवणं झाली, सगळं उंद्री गाव निजलं. दीपक, तूही बस. माझी बोली शाळामास्तरची, तेवढी चालवून घ्या. पण हे पुस्तकातलं नाही. खामगावचा गजेंद्र माझ्याबरोबर एका बाकावर बसून शिकला. त्याच्यावर आलेलं हे आहे, आणि सांगताना तो दोनदा थांबला होता.

सन दोन हजार तेवीस. डिसेंबरची सात तारीख, गुरुवार. धाडच्या पुष्पाबाई एकट्याच एसटीनं खामगावला आल्या. काम साधं होतं. एक खडा परत द्यायचा होता.

गजेंद्र खड्यांचं काम करतो. चांदीच्या गल्लीत त्याचं दुकान आहे, दोन माणसं बसली की भरतं. माणिक सूर्याचं, मोती चंद्राचा, पोवळं मंगळाचं, पुष्कराज गुरूचा. कोणता खडा किती रत्तीचा, कोणत्या वारी, कोणत्या बोटात, हे तो तोंडपाठ सांगतो. त्याचं एक म्हणणं असे, की खडा नुसता घालायचा नसतो, त्याच्यासोबत बसायचं असतं. मोती घेणाऱ्या बाईला तो सांगे, सोमवारी कच्च्या दुधात धुवा, मुठीत धरा, डोळे मिटून चंद्राचं नाव घ्या आणि मन निवेपर्यंत उठू नका. लोकांना बरं वाटे. निम्मा गुण त्या बसण्याचाच असेल, असं तो मला हसत म्हणे.

नीलमाच्या बाबतीत मात्र तो हसत नसे. नीलम शनीचा. तो मानवला तर मानवला. म्हणून त्याचा नियम होता, आधी तीन रात्री परीक्षा. खडा निळ्या कापडात बांधायचा, उशाखाली ठेवून झोपायचं, आणि चौथ्या दिवशी येऊन काय स्वप्न पडलं ते खरं सांगायचं. वाईट पडलं तर खडा परत. मोठमोठ्या माणसांना त्यानं असं परत पाठवलं होतं.

पुष्पाबाईंनी ऑक्टोबरच्या शेवटी नीलम नेला तो मुलासाठी. प्रज्वल नाव, तेवीस वर्षांचा, एकुलता एक. पोलीस भरतीत दोनदा थोडक्यात राहिलेला. घरी मिरचीचं शेत, वडील रंगराव शांत माणूस. जोतिष्यानं कुंभ रास, साडेसाती सांगितली आणि बाईंनी ते मनावर घेतलं. पोराचा विश्वास नव्हता. आईसाठी म्हणून तो हो म्हणाला.

चौथ्या दिवशी प्रज्वल एकटाच दुकानात आला. डोळे लाल, तोंड उतरलेलं. गजेंद्रनं विचारलं, झोप लागली का. पोरगा खाली पाहत म्हणाला, “लागली काका. काहीच दिसलं नाही. बसवून द्या अंगठीत.”

गजेंद्रला ते खोटं कळलं होतं. पुन्हा विचारायला हवं होतं, तेही कळलं होतं. पण बाहेर गिऱ्हाईक उभं होतं, दिवाळीची घाई होती. त्यानं मान हलवली आणि अंगठीचं माप घेतलं. उजव्या हाताचं मधलं बोट.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी प्रज्वलनं अंगठी घातली. सतराव्या दिवशी बुलढाण्याच्या रस्त्यावर, अंधार पडता पडता, त्याची मोटारसायकल एका उभ्या ट्रॉलीवर गेली. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं.

तर त्या गुरुवारी पुष्पाबाई आल्या तेव्हा तेरवी होऊन चार दिवस झाले होते. गजेंद्रला वाटलं, ही बाई आता शिव्या देईल. तो तयारच होता. पण त्या बसल्या, पदराची गाठ सोडली आणि खडा काढून त्याच्यापुढं ठेवला. दवाखान्यात अंगठी कापून काढली होती, चांदी त्यांनी नदीत सोडली, खडा सोडवेना. घरातही ठेववेना.

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्या तीन रात्री पोरगा स्वतःच्या खोलीत झोपलाच नाही. खड्याची पुरचुंडी घेऊन आईच्या खोलीत आला, तिच्या खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर निजला, लहानपणी निजायचा तसा. रंगराव तेव्हा रात्रपाळीच्या लायनीवर, म्हणजे रात्री वीज येई तेव्हा, शेतात पाणी द्यायला जात. बाईंनी विचारलं तर म्हणाला, तिकडं डास आहेत. आणि अपघाताच्या दिवशी, भाचीच्या बाळाचं बारसं होतं चिखलीला. दोघंही निघाले होते. बाई गाडीवर बसल्याही होत्या. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर त्यानं गाडी थांबवली आणि आईला खाली उतरवलं. म्हणाला, तू राहू दे माय, मी जातो. कारण सांगितलं नाही.

“त्यानं तुमाले सपन सांगतलं होतं का?” पुष्पाबाईंनी विचारलं. “मले फक्त तेवढं सांगा. त्याले काय दिसलं होतं?”

गजेंद्र म्हणाला, नाही. काहीच सांगितलं नव्हतं.

त्या उठल्या. खडा उचलला नाही. पाच वाजताची गाडी धरायची म्हणून गेल्या.

गजेंद्रनं त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. पस्तीस वर्षं तो दुसऱ्यांच्या उशाखाली शनी ठेवत आला होता, स्वतःच्या कधी नाही. घरी आल्यावर त्यानं बायकोला, सुचितावहिनींना, सगळं सांगितलं आणि निळं कापड मागितलं. वहिनींनी पेटीतून कापड काढून दिलं. मग म्हणाल्या, “काऊन करता हे? पोरगं तं गेलं.”

“मी दुसऱ्यांदा विचारलं नाही,” गजेंद्र म्हणाला.

पहिली रात्र गुरुवारची. स्वप्न पडलं नाही. पण मध्येच जाग आली ती खाटेची नवार पायथ्याला दबली म्हणून. कुणी टेकून बसलं की दबते ना, तशी. त्यानं दिवा लावला. पावणेतीन वाजले होते. पायथ्याला कोणी नव्हतं. दिवा तसाच ठेवून तो सकाळपर्यंत बसून राहिला.

दुसरी रात्र शुक्रवारची. डोळा लागला आणि नाकात मिरचीचा तिखट वास गेला. ही त्याची खोली नव्हती. वर पत्रे होते, भिंतीला पोत्यांची थप्पी होती. तो जमिनीवर बसलेला होता आणि समोर खाटेवर पुष्पाबाई झोपल्या होत्या. त्यानं आपले हात पाहिले. ते हात त्याचे नव्हते. तरणे हात, एकही सुरकुती नाही, कोपराला पळताना पडल्याचं खरचटलेलं.

दाराशी कुणीतरी उभं होतं.

आत येत नव्हतं. नुसतं उभं होतं. तेवढ्यावर जाग आली.

शनिवारी सकाळी वहिनींनी हात जोडले, आता पुरे करा. त्यांनी खडा मारुतीच्या पायाशी ठेवून यायचं काढलं. गजेंद्र ऐकेना. पोरानं तीन काढल्या, मीही तीन काढीन, म्हणाला. वहिनी शेजारच्या खोलीत दार उघडं ठेवून पडल्या. नऊ डिसेंबर. कार्तिक वद्य द्वादशी. चंद्र पहाटेशिवाय उगवणार नव्हता. खामगावात त्या रात्री थंडी अशी होती, की कुत्रीही भुंकत नव्हती.

तीच खोली.

तोच मिरचीचा वास.

पुष्पाबाई भिंतीकडं तोंड करून झोपलेल्या. पांघरूण एका पायावरून सरकलेलं. तो पायथ्याशी बसलेला, पाठ ताठ, डोळे दाराकडं. भीती वाटत होती. पण त्या देहाला पळायचं नव्हतं, हे गजेंद्रला आतून कळत होतं. पोरगा तीन रात्री झोपायला आलाच नव्हता. राखण करायला आला होता.

मग आवाज आला.

पाय घसटल्याचा... एक पाऊल... थांबलं.

पुन्हा घसटलं... थांबलं.

लंगडं माणूस चालतं तसं. घाई नाही. त्याला घाई नसतेच...

उंबरा ओलांडला. उंच होतं ते. तोंड दिसलं नाही. पत्र्यांना टेकेल एवढं उंच, आणि खाटेच्या उशाशी येऊन उभं राहिलं. खाली वाकलं. झोपलेल्या बाईच्या कपाळाजवळ हात नेला...

हात तिथंच राहिला.

जसं काही विचारत होतं.

कुणाला?

गजेंद्रची जीभ हलली. त्यानं हलवली नाही. ती हलली.

“तिले राहू द्या... मी येतो.”

...

शेजारच्या खोलीतून सुचितावहिनी धावत आल्या. दिवा लावला. गजेंद्र खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसलेला होता, घामानं ओला, त्या थंडीत. वहिनींनी ते शब्द ऐकले होते. पण त्या मला शपथेवर म्हणाल्या, मास्तर, तो आवाज यांचा नव्हता. पोराचा होता. वीस-बावीस वर्षांच्या पोराचा.

घड्याळात पावणेतीन.

रविवारी गजेंद्र धाडला गेला. मोटारसायकलवर, एकटाच. जाताना सगळ्या वाटेवर तो एकच गोष्ट मनात फिरवत होता. त्या माउलीनं फक्त तेवढं मागितलं होतं, पोराला काय दिसलं. आणि खरं सांगावं तर काय सांगावं? की तुझ्या वाट्याचं त्यानं मागून घेतलं? म्हणून तुला गाडीवरून उतरवलं? जन्मभर ती प्रत्येक घास त्या ओझ्याखाली गिळेल. पोरगं आईशी खोटं बोललं ते तिनं जगावं म्हणून. ते खोटं मोडायचा आपल्याला काय हक्क?

रंगराव शेतात होते. पुष्पाबाई ओट्यावर मिरच्यांचे देठ काढत बसल्या होत्या. त्यांनी हात धुतले, चहा ठेवला, कपबशी आणून दिली. मग समोर बसल्या.

“पाह्यलं तुमी?”

गजेंद्र कपात पाहत म्हणाला, “तिन्ही रात्री ठेवला बाई. शांत झोप लागली. काहीच नाही दिसलं.”

बाई पुन्हा मिरच्यांकडं वळल्या. सुपातल्या मिरच्या उगाच इकडच्या तिकडं केल्या. घरात भिंतीवर पोराचा फोटो होता, हार ताजा होता. गजेंद्रनं चहा संपवला, निघतो म्हणाला, चपला घातल्या. त्या दारापर्यंत आल्या.

तिथं, अगदी सहज, कुणाच्या घरी राहून आलेल्या माणसाला विचारावं तसं, त्यांनी विचारलं, “भेत तं नव्हता ना तो?”

“नाही,” गजेंद्र म्हणाला. “बिलकुल नाही. ताठ बसून होता.”

आणि मग त्याच्या ध्यानात आलं, आपण काय बोललो.

त्यानं वर पाहिलं. पुष्पाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. रडत नव्हत्या. त्यांनी फक्त मान हलवली, दोन-तीनदा, हळू, एखादा हिशेब आधीपासून माहीत असलेल्या माणसासारखी. पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. दार लोटलं नाही. गजेंद्र अंगणात उभाच राहिला. आतून आवाज आला नाही. शेवटी तो निघाला.

त्या माउलीला भेटायला तो अजून जातो. दर दिवाळीला. त्या दिवसाचं दोघंही बोलत नाहीत. ती त्याला वर्षाची मिरची बांधून देते. रंगरावांना यातलं काही माहीत नाही, आणि कळायचं कारणही नाही. नीलम विकणं गजेंद्रनं त्या दिवसापासून सोडलं. कुणी फार मागं लागलं तर म्हणतो, माझ्याकडं शनीचा खडा नाही, बसायचं असेल तर नुसतं डोळे मिटून बसा.

आता राहिलं एवढंच. त्या रविवारी परत येताना त्यानं पैनगंगेच्या पुलावर गाडी थांबवली. खाली पाणी थोडंच होतं. खिशातून पुरचुंडी काढली, गाठ सोडली, खडा तळहातावर घेतला आणि हात कठड्याबाहेर धरला. दुपारचं ऊन सरळ हातावर पडलं होतं.

खडा पाण्यात पडला. हात मात्र तो तसाच धरून उभा राहिला.

गजेंद्रनं जन्मात कधी अंगठी घातलेली नाही. दुसऱ्यांच्या घडवायच्या, आपण घालायची नाही, असं त्याचं होतं. आणि त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, मुळाशी, एक पांढुरका वळ होता. बारीक, गोल, कातडी आत दबलेली... वर्षानुवर्षं घातलेली अंगठी नुकतीच कुणी काढून घ्यावी, तसा.

दोन वर्षं झाली. डॉक्टरला दाखवलं, तेल लावलं, उन्हात काम केलं. गेल्या महिन्यात मी त्याच्या दुकानात गेलो होतो. त्यानं चहा पुढं केला, तेव्हा पाहिलं.

आहे अजून.