रांगेतली जागा

खिरणीवाली मशीद सुरुंगाने उडवली तेव्हा मी हजर नव्हतो. तिथली जमीन नीट सपाट झाली की नाही हे मोजायला मात्र मला नेमलं. सत्तावनच्या बंडानंतर दिल्लीत मुसलमानाला परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नव्हतं. पण मी कॉलेजात गणित शिकलेलो, आणि गणित येणारा मुसलमान साहेबाला निरुपद्रवी वाटत असावा. किल्ल्यासमोरची वस्ती पाडून तोफांसाठी मोकळं मैदान करायचं चाललं होतं. सकाळी शहराचा दरवाजा उघडला की मी आत, सूर्य मावळायच्या आत बाहेर.

बाहेर म्हणजे निजामुद्दीनकडच्या एका पडक्या मकबऱ्यात. थोरली बहीण, आपा, आणि मी तिथे राहायचो. खालच्या थडग्यात कुणी जुना अमीर होता. त्याने कधी तक्रार केली नाही.

आपाच्या हातात अजून हिरव्या बांगड्या होत्या. तिचे यजमान तफज्जुल, माझे दूल्हाभाई, पुस्तकं बांधायचे. कागद कापायच्या सुरीने त्यांच्या उजव्या अंगठ्याचं वरचं पेर गेलेलं. "आधी कळलं असतं तर निकाहात मेहेराची रक्कम वाढवून घेतली असती," असं आपा चिडवायची. शहर पडलं त्या दिवशी गोऱ्या शिपायांनी गल्लीतले पुरुष नदीकडे नेले. दूल्हाभाई त्यांत होते, असं काहीजण सांगत. ते पळाले, असं बाकीचे सांगत. उजवा पाय गुडघ्यात न वाकणारा माणूस पळून किती पळणार, हे कुणी विचारत नव्हतं. ते जिवंत असतील तर आपाने वाट पाहायची. नसतील तर विधवेची इद्दत, शोकाचे चार महिने दहा दिवस, पाळून रडून घ्यायचं. तिला दोन्ही करता येत नव्हतं.

थंडीत मैदानावर, मशीद होती त्या जागेवरच्या गवताला पांढरं दंव आलं. त्यात काळसर डाग दिसले. मी दोर ताणून पाहिला. डाग ओळीत होते, आमच्या आखणीपेक्षा सरळ, तोंड पश्चिमेला. प्रत्येक जागी तेच: कपाळ, दोन तळहात, दोन गुडघे, पावलांची बोटं. गवत दबलेलं नव्हतं. तिथे फक्त दंव नव्हतं.

"खाली जुनी गटारं असतील," साहेब म्हणाला आणि त्याने रूळ फिरवला. दुसऱ्या सकाळी ओळी तिथेच.

"मुन्शी, तुझी माणसं चोरून येतायत."

"भोवती आपलाच पहारा आहे, साहेब."

"म्हणून तर चोरून म्हणालो."

पुढून दुसऱ्या ओळीत एक जागा रिकामी होती. ती माझी. मी काही फार मोठा नमाजी नव्हे; या मशिदीत जायचो ते दूल्हाभाईंसाठी. सजद्यातून, कपाळ जमिनीला टेकून झाल्यावर, उठताना ते माझ्या डाव्या खांद्याचा आधार घ्यायचे. रिकाम्या जागेच्या डावीकडे एकाच गुडघ्याचा डाग होता आणि बाजूला लांब, सरळ पायाचा पट्टा. आणि रिकाम्या जागेत एक पंजा टेकलेला, बोटं फाकलेली.

त्या वर्षी दिल्लीत लंगड्यांची कमी नव्हती. आपाला मी तसंच सांगितलं.

"रांगेत फट ठेवत नाहीत रे," ती म्हणाली. "मागचा पुढे सरकतोच."

"हो."

"मग ही कुणासाठी ठेवलीय?"

मी चूल फुंकत राहिलो.

"जा आणि बघून ये. आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. तुला खोटं बोलता येत नाही, तोंड वाकडं होतं."

साहेबालाही तेच हवं होतं. त्याने मला रात्रीचा परवाना दिला: पहाटे मैदानात बस आणि कोण येतं ते सांग.

पहाटे दाट धुकं होतं. पहारेकरी कडेला खोकत होते. अजान झाली नाही. ती बंदच होती. मी जोडे काढले आणि पुढे गेलो. कुठे काढले ते उजाडल्यावर पाहिलं: पूर्वी पायरी होती तिथे.

रिकाम्या जागेत उभा राहिलो.

दोन्ही बाजूंचा गारठा कमी झाला, गर्दीत होतो तसा. मागे दूरवर कपडे सळसळले. शंभरांचे नव्हेत, पाडलेल्या सगळ्या गल्ल्यांचे. मला भीती वाटायला हवी होती. मला आपण फार लहान आहोत एवढंच वाटलं.

केव्हा वाकायचं ते कळत होतं.

उठताना डाव्या खांद्यावर भार आला. ओळखीचा.

मी तो पेलला.

शेवटी सलाम करायला मान उजवीकडे वळवली. धुकं. मग डावीकडे.

डावीकडे वळताना मी डोळे मिटले.

"कोण आलं?" साहेबाने विचारलं.

"कुणी नाही, साहेब."

त्याने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि मग जोड्यांकडे.

मकबऱ्यात आपाने माझ्या अंगावरची शाल काढून घेतली. धुक्याने ती चिंब झाली होती. डाव्या खांद्यावर तेवढा कोरडा पंजा. आपाने त्यावर आपला हात ठेवला, बोटावर बोट. तिचा हात लहान. चारही बोटं आत मावली. अंगठ्याचं वरचं पेर बाहेर उरलं.

तिने अमीराच्या थडग्यावर बांगड्या फोडल्या. सावकाश, आधी एका हातातल्या, मग दुसऱ्या. मग म्हणाली, "उद्या त्यांना उठवायला कोण रे?"

मी शाल उन्हात टाकली. दुपारपर्यंत ती खडखडीत वाळली. खांद्यावरचा पंजा तेवढा आता ओला होता.