बारा ते तीन

मोताळ्याच्या सरकारी दवाखान्यात प्रसेनजित इंगळे अंगठा धरून आला, तेव्हा शलोमी गायकवाडची ड्यूटी संपायला दहा मिनिटं राहिली होती. जयंतीच्या कमानीसाठी बांबू फाडताना कोयता घसरला होता. डॉक्टरांनी दोन टाके घातले आणि पट्टी बांधायचं काम तिच्याकडे आलं.

"दुखतं का?"

"दुखते ना. पण तुमी विचारल्यावर कमी दुखून राह्यलं... सिस्टर."

शेवटचा शब्द त्यानं अगदी नाइलाजानं उच्चारला, हे तिच्या लक्षात आलं. तिनं गाठ जरा जास्तच आवळली.

"आता?"

"आता तर लय बरं वाटते," तो डोळे मिटून म्हणाला.

ती हसली नाही. तो दाराबाहेर गेल्यावर मात्र – थोडंसं.

त्या वर्षी, २०१७ साली, गुड फ्रायडे चौदा एप्रिललाच आला होता. शलोमीच्या मंडळीत जेमतेम बारा ख्रिस्ती कुटुंबं. त्यांचं पत्र्याचं प्रार्थनामंदिर ज्या गल्लीत, तिच्याच तोंडाशी बुद्धविहार. मंडळीला दुपारी बारा ते तीन ख्रिस्ताच्या मरणाचं मौन पाळायचं होतं आणि विहारात त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती वाजतगाजत होणार होती. मंडळीतल्या ज्येष्ठांनी पोलिसांत अर्ज द्यायचं ठरवलं.

"अर्जाच्या आधी एकदा विचारून तर पाहू," शलोमी म्हणाली. "शेजारी हायत ते आपले."

"मंग तूच जाय," तिचे वडील शामुवेल म्हणाले. एसटीत कंडक्टर म्हणून सगळी नोकरी लोकांशी बोलण्यात गेल्यामुळे असेल, आता ते फार कमी बोलत.

त्याच संध्याकाळी ती विहारात गेली. समितीचा अध्यक्ष कोण, असं तिनं विचारलं, तेव्हा पट्टी बांधलेला अंगठा वर झाला.

"तुमी?"

"मीच. अंगठा बरा हाय, तुमी विचारलं नाई तरी सांगतो."

बैठकीला तीसेक माणसं होती. शलोमीनं उभं राहून, ओढणीचं टोक मुठीत धरून सांगितलं, की त्या तीन तासांत येशू क्रुसावर होता आणि आम्ही तेवढा वेळ शांत बसतो. स्पीकर बंद ठेवला तर... बरं होईल.

कुणीतरी पुटपुटलं. मग प्रसेनजितची आई, सिंधूताई, बोलली. तिनं आवाज चढवला नाही.

"पोरी, आमचा रथ दरसाल तुमच्या दारावरून जाते. तो आला का तुमी दार लावून घेता. काऊन?"

लहानपणापासून ते दार लागताना ती पाहत आली होती. का लावतात, हे तिनंही कधी विचारलं नव्हतं.

"चुकलं आमचं," ती म्हणाली.

प्रसेनजित तिच्याकडे पाहत होता, आता त्याच्या नजरेत थट्टा नव्हती.

"मिरवणूक तशीबी पाचले निंगते," तो म्हणाला. "बारा ते तीन स्पीकर बंद. कोणाची हरकत?"

दोघे-तिघे कुरकुरले. सिंधूताईनं त्यांच्याकडे नुसतं वळून पाहिलं.

त्यापेक्षा स्वतःच्या मंडळीत बोलणं शलोमीला अवघड गेलं. मिरवणूक येईल तेव्हा दार उघडं ठेवू, लोकांना पाणी देऊ, असं ती म्हणाली.

"त्यांच्या मिरवणुकीत आपण?" एक ज्येष्ठ म्हणाले. "आपला विश्वास वेगळा आहे."

"विश्वास सोडा म्हणतच नाई मी. येशू कोणाच्याही घरी जेवाले बसला. त्यानं आधी त्यांची परीक्षा घेतली का? आपल्याले तर नुसतं पाणी द्यायचं हाय."

सगळ्यांनी मंडळीच्या धर्मगुरूंकडे, पाळकांकडे पाहिलं. "लिंबू सरबत करा," ते शेवटी म्हणाले. "ऊन फार आहे."

शुक्रवारी बाराच्या ठोक्याला स्पीकर थांबला. प्रार्थनामंदिरात पत्रा तापल्याचा कडकड आवाज तेवढा येत होता. शलोमीनं क्रुसाचं ध्यान केलं. मध्येच एक पट्टी बांधलेला अंगठा डोळ्यांपुढे आला, त्याबद्दल तिनं देवाची क्षमा मागितली. पुन्हा आला. पुन्हा मागितली.

सव्वापाचला ढोल-ताशे गल्लीत शिरले. दार सताड उघडं होतं. निळा फेटा बांधलेला प्रसेनजित तिच्यापुढे येऊन थांबला, पण ग्लास घेईना.

"तुमचा उपास सुटला?"

"सहाले सुटते."

"मंग मी बी सहाले पेईन."

"चक्कर येईन उन्हात."

"आली तर दवाखान्यात सिस्टर हाय ना..."

"पुन्हा सिस्टर?"

"मंग काय म्हणू?"

"शलोमी."

त्यानं ते नाव उच्चारून पाहिलं. ताशांच्या आवाजात तिला ऐकू आलं नाही, ओठ हललेले तेवढे दिसले. तिनं त्याचा ग्लास बाजूला झाकून ठेवला.

टाके आठवड्यात निघाले. पण जखम दाखवायला तो त्यानंतरही चार वेळा आला. शेवटी तिनंच सांगितलं, की जखम आता भिंग लावूनही दिसत नाही, बोलायचं असेल तर बाजाराच्या दिवशी भेटत जा. ते भेटत राहिले. दिवाळीनंतर अशाच एका दिवशी, पेरूच्या गाड्यामागे उभा राहून तो एकदम म्हणाला,

"लग्न करशीन माह्यासंगं? पण मी धम्म सोडणार नाई, शलोमी... खोटं काऊन बोलू?"

"मी येशूले सोडणार नाई."

"मंग?"

"मंग तुह्या घरी वंदना होईन, तवा मी शांत बसीन. अन जेवणाआधी मी प्रार्थना करतो ना, तवा तू थांबजो. भाजी थंडी होईन."

"थंडी भाजी चालते," तो म्हणाला. "तू पायजेन."

पाळकांनी स्पष्ट सांगितलं, की हे लग्न प्रार्थनामंदिरात लावता येणार नाही. ती दर रविवारी गायची, त्या गायनमंडळातही तिला उभं राहू दिलं नाही. सिंधूताईच्या भावकीनं बोलणं टाकलं. दोघं बुलढाण्याला जाऊन नोंदणी विवाहाची नोटीस देऊन आले. शामुवेल तीन आठवडे लेकीशी बोलले नाहीत. ती रोज त्यांचं ताट वाढत होती आणि ते मुकाट जेवत होते. चौथ्या आठवड्यात त्यांनी प्रसेनजितला घरी बोलावलं.

"रविवारी तिले उपासनेले कोण आणीन?"

"मी आणीन."

"दर रविवारी?"

"दर रविवारी."

"अन दीड तास तू काय करशीन?"

"बाहेर थांबीन, गाडीपाशी."

शामुवेलांनी खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बाहेर काऊन?" ते म्हणाले. "आत बसजो. शेवटच्या बाकावर मी एकटाच असतो."

स्वयंपाकघरात शलोमीनं चहात दुसऱ्यांदा साखर घातली. तिघांनीही तो अति गोड चहा संपवला.