घाटात मारलेली हाक

"तुम्ही शिकलेल्या मुली. हसा हवं तर," च्यू काकांनी चहाचा पेला खाली ठेवला. "पण वेनशेंग माझ्याच शाळेत मास्तर. ऐकीव नाही सांगत."

"काका, ताप औषधानं उतरतो," मी म्हटलं.

"उतरला नाही, म्हणून तर घाटात गेला तो."

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची. सातव्या महिन्याची पौर्णिमा, मृतांची रात्र. तान वेनशेंग मुलीचं जॅकेट खांद्यावर टाकून घाटाकडे निघाला. शाळेच्या सहलीत त्याची मानमान तिथल्या शिळेपाशी घाबरली आणि तेव्हापासून तापानं फणफणली होती. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. आमच्याकडे अशा वेळी मूल जिथं घाबरलं तिथं बाप जातो, त्याचे कपडे हलवत नाव घेऊन हाक मारतो, घरी चल म्हणतो. उशाशी बसलेली आई मुलाच्या वतीनं 'आले' म्हणते. मग जीव परततो.

शिळेवर एका जुन्या कवीची कविता कोरलेली आहे. सम्राटाच्या चुका त्यानं कवितेत मांडल्या, म्हणून भर थंडीत बायकोमुलांसकट दक्षिणेला हद्दपारी. एक मरतुकडा घोडा, एक गाडी. शिपाई थांबू देईनात. याच घाटात त्याची आजारी मुलगी गेली. तिला वाटेकडेला पुरलं आणि त्याला तसंच पुढं हाकललं. त्यानंतर आयुष्यभर त्यानं जे लिहिलं, त्यात तो तिलाच हाका मारतो.

"वेनशेंग ती कविता शिकवताना वर्गात रडायचा, वेडा," काका म्हणाले.

"मग मारली ना हाक? नाव घेऊन?"

"तिथंच चुकला."

त्या रात्री उघड्यावर जिवंत माणसाचं नाव घ्यायचं नसतं. भटके आत्मे ऐकतात. आजीनं लहानपणी मनावर बिंबवलेलं. तो शिळेपाशी पोचला तेव्हा फोनवर बायको रडत होती, "वेनशेंग, लवकर. तिचे ओठ निळे पडलेत."

"त्यानं नाव गिळलं," काका म्हणाले. "नुसतं म्हणाला... पोरी, घरी चल."



"मग?"

"मागून कुणीतरी तेच म्हणालं."

कुणी हललं नाही.

"म्हातारा आवाज. दमलेला. पोरी... घरी चल. वेनशेंगनं वळून पाहिलं नाही. पुन्हा हाक मारली. पुन्हा मागून... जवळून. आणि फोनवर बायको ओरडली, 'आले म्हणाली. मी नाही, ती स्वतः म्हणाली.'"

तो धावत सुटला. फोन वाटेत कुठंतरी पडला.

मानमान उठून बसली होती. ताप नाही. कपाळ गार. त्यानं तिला छातीशी धरलं. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बाबा, घोड्याला पाणी पाजलं?"

"अजून घरातच आहे ती," काका म्हणाले. "वाढतेय. मानमान म्हटलं की ओ देत नाही. पोरी म्हटलं की येते. आणि तो रोज घाटात जातो. आता नाव घेतो. घसा फाटेपर्यंत."

"आणि तुम्ही सगळे बघत बसता?" मी चिडले. "कुणी समजावत नाही त्याला?"

"काय समजावू? त्या रात्रीच्या पहाटे त्याचा फोन शोधायला मीच गेलो होतो."

"मग?"

"चिखल होता. शिळेपासून पावलं दक्षिणेकडे गेलेली. एक मोठ्या माणसाची... कापडी जोड्यांची. शेजारी लहान पावलं. शाळेच्या बुटांची."

काकांनी पेला उचलला. तो रिकामा होता.

"मानमानचे बूट पलंगाखाली होते. कोरडे."